शाळेचे हस्तलिखित आणि ब्लॉग

शाळेचे हस्तलिखित मासिक आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असेल. चांगल्या अक्षराची मुले निवडायची, समास आखायचे, मुखपृष्ठावर मोर काढायचा आणि स्नेहसंमेलनात ते टेबलावर मांडायचे. पाहुणे दोन पाने चाळीत, "छान, छान" म्हणत, आणि मग ते कपाटात जाऊन बसे. लिहिणाऱ्या मुलाला खरा वाचक असा भेटतच नसे. ब्लॉग म्हणजे काय, असे कोणी विचारले तर एवढेच सांगता येईल, की कपाटात न जाणारे हस्तलिखित!

नावाला बुजण्याचे कारण नाही. 'वेबलॉग' हा शब्द १९९७ साली अमेरिकेत निघाला. लॉग म्हणजे जहाजावरची रोजची नोंदवही. दोन वर्षांनी त्याचेच 'ब्लॉग' असे आटोपशीर नाव झाले, आणि त्याच १९९९ साली 'ब्लॉगर' ही सोय सुरू झाली. आज ती गूगलकडे आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. जहाजाच्या वहीप्रमाणे इथेही प्रत्येक नोंदीवर तारीख पडते. नवी नोंद वर, जुनी खाली. एवढेच त्यातले तंत्र.

"पण आमचा व्हॉट्सॲपचा गट आहे की!" असे कोणी म्हणेल. आहे, आणि उद्या सुट्टी आहे हे कळवायला तो उत्तमच. पण गटात टाकलेला एखादा चांगला पाठ महिन्याने शोधून पाहा. वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली तो गाडला गेलेला असतो. ब्लॉगवरचा पाठ मात्र पुढच्या वर्षीच्या तुकडीला आणि दुसऱ्या जिल्ह्यातल्या शिक्षकालाही सापडतो.

साधन कोणते, यापेक्षा ते कशासाठी वापरले, याला महत्त्व आहे. क्यूआर कोड ही काळी-पांढरी चौकट १९९४ मध्ये जपानात मोटारीच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार झाली. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत श्री. रणजितसिंह डिसले यांनी ती पाठ्यपुस्तकांना जोडली आणि तिच्यामागे कवितांचे ध्वनिमुद्रण व पाठांच्या चित्रफिती ठेवल्या. २०२० साली त्यांना दहा लाख डॉलरचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर शिक्षकांत वाटली. साधन कारखान्याचे, पण त्याचा शाळेतला उपयोग शिक्षकाला सुचला, हे ध्यानात ठेवावे.

आता सुरुवात कशी करावी? पहिला महिनाभर नुसते वाचा. मराठी विश्वकोश महाजालावर आहे, शासनाचा 'दीक्षा' मंच २०१७ पासून आहे. मग आपल्याच एका तासाची टिपणे लिहा: काय शिकवले, मुले कुठे अडली, कोणते उदाहरण लागू पडले. लिहिताना युनिकोड मराठीच वापरा, कारण जुन्या पद्धतीच्या फाँटात केलेले लेखन दुसऱ्याच्या यंत्रावर अगम्य खुणांसारखे दिसते.

त्यानंतर वर्गाला सामील करून घ्या. समजा, कोकणातल्या एका वर्गाने जूनपासून रोजचा पाऊस मोजून लिहिला आणि माण तालुक्यातल्या एका वर्गाने आपला लिहिला. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की पर्जन्यछाया म्हणजे काय, हे व्याख्या पाठ न करताही कळेल. शिवाय दुसऱ्या गावची मुले आपले आकडे वाचणार आहेत म्हटल्यावर मोजमाप चोख होते, आणि शुद्धलेखनही सुधारते बरं का!

काही पथ्ये मात्र कडकपणे पाळावीत. मुलांची पूर्ण नावे, छायाचित्रे, पत्ते टाकू नयेत. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे, तेव्हा पालकांची लेखी संमती घेऊनच पाऊल टाकावे. वाचकांचे अभिप्राय आधी आपण वाचावेत, मगच प्रसिद्ध करावेत. दुसऱ्याचे लेखन उचलू नये. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे त्याचा हक्क चालतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांच्या पुस्तकांना आता ते बंधन नाही. आजच्या लेखकांच्या पुस्तकांना आहे. आणि ज्याच्या घरी फोन नाही त्या मुलाचे लेखन मागे पडता कामा नये. सर्वांनी आधी वहीत लिहावे, आणि महाजालावर चढवण्याचे काम शाळेतच व्हावे.

"एवढा वेळ कुठला?" हा प्रश्न खरा आहे. आज शिक्षकाच्या हातातले यंत्र पुष्कळदा वर पाठवायची माहिती भरण्यातच झिजते. कोणत्या रकान्यात किती मुले, हे त्यातून वरच्यांना कळते. पण भागाकार शिकवताना आपल्याला कोणती युक्ती सापडली, हे कोणत्याच रकान्यात मावत नाही. पुष्कळ शिक्षकांचे असे तीस वर्षांचे ज्ञान निवृत्तीच्या दिवशी त्यांच्याबरोबर घरी जाते. पंधरवड्यातून अर्धा तास काढून ते लिहून ठेवले, तर नव्याने नोकरीला लागलेल्या एखाद्या शिक्षकाला चाचपडावे लागणार नाही. पहिली नोंद दहा ओळींची झाली तरी पुरे.