सीमाभागातील मराठी शाळांची तुलना
बेळगाव परिसरातील सरकारी मराठी उच्च प्राथमिक शाळांची तुलना करताना इमारत आणि पटसंख्या एवढेच पाहणे पुरेसे नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी नेमके निकष आहेत : ३५ मुलांमागे एक शिक्षक, विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांसाठी किमान एकेक शिक्षक, वर्षाला २२० दिवस व १,००० तास अध्यापन. सीमाभागात त्यांना आणखी दोन प्रश्न जोडावे लागतात. विषयशिक्षक तो विषय मराठीतून शिकवू शकतो का? आणि शाळा सातवीपर्यंतच असेल, तर आठवीचा मराठी वर्ग मुलींना रोज जाऊन-येऊन करता येईल इतका जवळ आहे का? या दोन्हींचे उत्तर ‘होय’ असेल, तर कमी पटाची शाळाही तुलनेत उणी ठरत नाही.