प्रत्येक अक्षरासाठी सर्व्हरला पळवू नका!



समजा, तुम्ही राईत राहता आणि जवळच्या उत्तनची सुकी मासळी ऑनलाइन विकायला वेबसाइट बनवून घेतलीत. ग्राहक सर्चच्या चौकटीत 'सुका बोंबील' टाइप करतो. मात्रा, अनुस्वार आणि मधली स्पेस धरली तर ११ वेळा बटण दाबलं जातं. साइट काळजीपूर्वक लिहिलेली नसेल, तर दर बटणाला एक अशा ११ रिक्वेस्ट सर्व्हरकडे जातात. कामाची फक्त शेवटची! म्हणजे १०० ग्राहकांनी हे शोधलं की १,००० रिक्वेस्ट फुकट. सर्व्हरचं किंवा पत्ता सुचवणाऱ्या सेवेचं बिल वापरावर येत असेल, तर हे पैसे तुमच्याच गल्ल्यातून जातात. वर स्वस्त मोबाइलवर साइट अडकते आणि ग्राहक दुसरीकडे जातो.

यावर दोन उपाय आहेत. नावं लक्षात ठेवा, डेव्हलपरशी बोलताना कामी येतील.

१. डिबाउन्स : लिफ्टचं दार आठवा. कुणी आत शिरलं की ते पुन्हा थोडं थांबतं. येणारे संपले की मगच बंद होतं. तसंच इथे. टाइप करणं थांबलं की साधारण ३०० मिलिसेकंद वाट बघायची आणि एकच रिक्वेस्ट पाठवायची. सर्चसाठी हाच उपाय.

२. थ्रॉटल : भाईंदर स्टेशनवरून राईमार्गे उत्तनला जाणारी बस बघा. दर प्रवाशामागे एक बस सुटत नाही, ती आपल्या वेळेला सुटते. पान स्क्रोल होताना असंच ठरावीक अंतराने काम करायचं. २०११ मध्ये ट्विटरचं पान स्क्रोल करताना अडकायला लागलं होतं. तेव्हा जेक्वेरीचे निर्माते जॉन रेझिग यांनी कारण दाखवलं : स्क्रोलच्या दर हालचालीला जड काम जोडलेलं होतं. त्यांनी सुचवलं की स्क्रोल झालं का, एवढंच दर २५० मिलिसेकंदांनी तपासा आणि काम तेव्हा करा.

आता महत्त्वाचं. सगळंच थांबवायचं नाही! ग्राहकाला दिसणारं लगेच बदलायला हवं, थांबायचं ते मागचं महागडं काम. चौकटीत अक्षर उशिरा उमटलं तर ग्राहकाला वाटेल फोनच बिघडला. कार्टमध्ये '+' दाबलं की आकडा लगेच वाढवा. सर्व्हरवर नोंद मात्र दाबणं थांबल्यावर एकदाच करा. मध्येच ग्राहक पान बंद करत असेल, तर राहिलेली नोंद आधी पाठवा.

आणि 'ऑर्डर करा' हे बटण? तिथे डिबाउन्सवर विसंबू नका. पहिल्या टॅपलाच बटण बंद करा, आणि एकच ऑर्डर दोनदा आली तर सर्व्हरनेही ती ओळखली पाहिजे. नाहीतर एक किलोच्या जागी दोन किलो बोंबील पाठवाल आणि परतीचा खर्च अंगावर घ्याल.

आजचा गृहपाठ : कॉम्प्युटरवर क्रोममध्ये तुमची साइट उघडा, एफ१२ दाबा आणि 'नेटवर्क' टॅबवर जा. सर्चमध्ये एक शब्द सलग टाइप करा आणि किती नव्या ओळी आल्या ते मोजा. दर अक्षरागणिक ओळ येत असेल, तर डेव्हलपरला विचारा : "सर्चला डिबाउन्स लावलाय का? जुन्या शब्दाचं उत्तर उशिरा आलं तर ते टाकून देताय ना?"

कोडिंग तुम्हाला येत नसलं तरी चालेल. पण बिल तुम्ही भरता, तेव्हा हे प्रश्न तुम्हीच विचारायचे!