डेटाबेसच्या आत कुठलं जावास्क्रिप्ट इंजिन बसवायचं?

जावास्क्रिप्ट म्हटलं की ब्राउझर डोळ्यापुढे येतो. पण काही डेटाबेसच्या आतही जावास्क्रिप्ट इंजिन असतं. ओपन सोर्स अपाचे काउचडीबी त्यातलीच एक.

समजा, बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या टोळीचा हिशेब ठेवायचाय. प्रत्येक कोयत्याची, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीची, मुकादमाकडून घेतलेली उचल, फिटलेली रक्कम आणि तारीख. फडावर नेटवर्क असेलच असं नाही. तिथे विंडोजचा लॅपटॉप, इकडे केजला लिनक्सचा संगणक. काउचडीबी दोन्हीकडे चालते आणि नेट आलं की नोंदी जुळवून घेते. अशा कामासाठी मी तिचाच विचार आधी करीन.

बाकी उचल काढायला आपण छोटं जावास्क्रिप्ट फंक्शन लिहितो. नोंदींसोबत हे फंक्शनही पलीकडे जातं, पण त्याचं उत्तर जात नाही. ते प्रत्येक मशीन आपलं आपण काढतं. खरी गोम इथे आहे. '०५-११-२०२४' अशी तारीख कशी वाचायची, हे जावास्क्रिप्टच्या नियमांनी इंजिनवर सोडलंय. एक इंजिन तिला ११ मे समजेल, दुसरं चुकीची तारीख म्हणून नाकारेल. इंजिनं वेगळी असतील तर हंगामाच्या सुरुवातीची उचल एका मशीनवर दिसेल, दुसऱ्यावर गायब. आणि उचलीच्या आकड्यावरून किती भांडणं होतात, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको.

मग सगळ्यात वेगवान इंजिन घ्यावं का? क्रोममधलं व्ही-८ वेगात भारीच आहे. मोंगोडीबीने २०१३ मध्ये फायरफॉक्सचं स्पायडरमंकी सोडून व्ही-८ घेतलं आणि २०१५ च्या ३.२ आवृत्तीत परत स्पायडरमंकीवर आली! वेगवेगळ्या प्रोसेसरवर चालणं आणि एकच आवृत्ती जास्त काळ सांभाळली जाणं, हे तिला जास्त मोलाचं वाटलं. व्ही-८ क्रोमच्या चालीने पळतं, दर काही आठवड्यांनी नवी आवृत्ती. डेटाबेसवाल्यांना ती धावपळ झेपत नाही.

काउचडीबी पहिल्यापासून स्पायडरमंकीवर. त्याची २०११ ची १.८.५ आवृत्ती तिने कितीतरी वर्षं वापरली. नव्या आवृत्त्या विंडोजवर बिल्ड करणं म्हणजे डोक्याला ताप.

२०२४ च्या ३.४ आवृत्तीत तिने क्विकजेएसचा पर्याय दिला. फाब्रिस बेलार्ड आणि चार्ली गॉर्डन यांनी २०१९ मध्ये आणलेलं हे इंजिन म्हणजे सी भाषेतल्या मोजक्या फाइली, बाहेरची कुठलीही लायब्ररी लागत नाही. त्यामुळे डेटाबेससोबतच बिल्ड करून सगळीकडे तेच इंजिन देता येतं. मेमरीची मर्यादाही घालता येते. धावता धावता मशीन कोड बनवायची सोय त्यात नाही, म्हणून मोठ्या आकडेमोडीत ते मागे पडतं. पण आपलं फंक्शन नोंदीतले दोन आकडे उचलतं, त्याला कितीसा वेग लागणार? शिवाय काउचडीबी जावास्क्रिप्ट वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवते. फंक्शन अडकलं तर ती प्रोसेस बंद पडते, डेटाबेस चालू राहतो.

माझं मत क्विकजेएसला. जुना डेटाबेस असेल तर मात्र थेट बदलू नका. दोन्ही इंजिनांची उत्तरं ताडून पाहणारा स्कॅनर काउचडीबीतच आहे, तो आधी चालवा. आणि तारीख '२०२४-११-०५' अशीच साठवा. ती सगळी इंजिनं सारखी वाचतात.