क्लच गाडीचा, गिअर आपला

डाव्या मुठीपुढे क्लचची दांडी नाही, पण डाव्या पायाखाली गिअर आहेत. स्कूटर म्हणावी तर मोठी चाकं आणि चेन, मोटारसायकल म्हणावी तर मांड्यांच्या मध्ये पेट्रोलची टाकी नाही. हिरो होंडाची ‘स्ट्रीट’ १९९७मध्ये बाजारात आली, तेव्हा गिऱ्हाइकांची अशीच पंचाईत झाली. गाडी गुणी होती, पण आपल्याकडे तिचं बस्तान काही बसलं नाही. आता जिन्याखाली, पडवीत धूळ खात उभी असलेली एखादी स्ट्रीट हौशी माणसं घरी आणतात आणि पुन्हा रस्त्यावर काढायला बघतात. सुटे भाग कुठे मिळतील, याचीच चिंता आधी केली जाते. खरं तर आधी एक गोष्ट उमगायला हवी: या ‘सेमी-ऑटोमॅटिक’ गाडीत आपोआप काय होतं आणि काय होत नाही. ती सीमारेषा कळली, की चालवणंही जमतं आणि गाडीची निम्मी दुखणी कानांनी आणि पायांनी ओळखता येतात.

एक हात मोकळा हवा

स्ट्रीटचं घराणं जपानी. ऑगस्ट १९५८मध्ये होंडानं ‘सुपर कब सी-१००’ विकायला काढली. ४९ सीसीचं फोर स्ट्रोक इंजिन, ताकद साडेचार अश्वशक्ती. इंजिनाची बाजू सोइचिरो होंडा पाहायचे, पैसा आणि विक्री ताकेओ फुजिसावा. दुकानदारांना, छोट्या व्यावसायिकांना परवडेल आणि झेपेल अशी गाडी हवी, हा फुजिसावांचा आग्रह होता. तिची कसोटीही ठरली होती. जपानमध्ये सोबा नावाच्या शेवयांची ताटं घरोघर पोचवणाऱ्या पोऱ्याला एका हातात ताटं धरून, दुसऱ्या हातानं ही गाडी चालवता आली पाहिजे. म्हणून क्लचची दांडी गेली. वळणाच्या दिव्याचं बटणही कबमध्ये उजव्या हाताशी आलं.

मग गिअर का ठेवले? कारण इंजिन चिमुकलं होतं. क्लच आपोआप आणि गिअर एकच, असा प्रयोग आपण पुण्याच्या कायनेटिकच्या लूनात पाहिलेला आहे. १९७२मध्ये आलेल्या लूनाला सपाटीवर काही अडचण नव्हती. चढ आला, की मात्र पेडल मारून इंजिनाला हातभार लावावा लागे. दुधाच्या किटल्या वाहणारी बजाजची एम-८० दिसायला कबच्या जवळची, पण तिचा क्लच आणि गिअर दोन्ही डाव्या मुठीत. कबनं मधला मार्ग काढला: क्लच यंत्राकडे सोपवला, गिअर माणसाकडे ठेवले. २०१७मध्ये या मालिकेतल्या गाड्यांचं एकूण उत्पादन दहा कोटींवर पोचलं. इतक्या संख्येनं निघालेली दुसरी मोटारगाडी वा दुचाकी जगात नाही. उत्सर्जनाचे नियम कडक झाल्यामुळे ५० सीसीच्या कबचं उत्पादन २०२५मध्ये थांबलं, मोठ्या इंजिनांच्या कब मात्र अजून बनतात.

वेग दुप्पट, जोर चौपट

क्लच लागतोच कशाला? पेट्रोल इंजिन शून्य फेऱ्यांवर जोर देऊ शकत नाही. जिवंत राहायचं तर त्याला मिनिटाला हजार-पंधराशे फेऱ्या मारतच राहावं लागतं. उभ्या गाडीचं चाक तर स्थिर. एकीकडे फिरणारं इंजिन, दुसरीकडे थांबलेलं चाक. या दोघांची गाठ हळूहळू घालायची, तर मधे काहीतरी घसरत घसरत पकड घेणारं हवं. नेहमीच्या मोटारसायकलवर हा अंदाज डाव्या हाताच्या बोटांचा असतो. शिकाऊ माणसाची गाडी बंद पडते ती इथेच.

कबच्या घराण्यात हा अंदाज केंद्रोत्सारी क्लचकडे दिलेला आहे. जत्रेतला साखळ्यांचा पाळणा वेग घेतो तशा त्याच्या खुर्च्या बाहेर फेकल्या जातात; क्लचमधली वजनंही तशीच. इंजिनाच्या दांड्याबरोबर ती फिरतात. मंद वेगात स्प्रिंगा त्यांना आत ओढून धरतात, फेऱ्या वाढल्या की ती बाहेर सरकतात आणि क्लचची पकड बसवतात.

यातली खुबी वर्गाच्या नियमात आहे. बाहेर फेकणारा जोर फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. चौदाशे फेऱ्यांवर तो जितका असेल, त्याच्या चौपट अठ्ठावीसशेवर आणि नऊपट बेचाळीसशेवर. स्प्रिंगेचा विरोध मात्र वजन किती सरकलं त्याच्या सरळ प्रमाणात वाढतो. त्यामुळे संथ फिरणाऱ्या इंजिनावर क्लच निवांत सुटलेला राहतो, थोडी रेस दिली की घसरत पकडू लागतो आणि त्यापुढे पाहता पाहता घट्ट बसतो. ना सेन्सर, ना वायर. सगळा निर्णय वजन, त्रिज्या आणि स्प्रिंग मिळून घेतात.

यातून पहिलं निदान हाती येतं. गाडी पहिल्या गिअरमध्ये उभी असताना आपणहून पुढे सरकू बघत असेल, तर क्लच उघडायच्या आधी स्लो रनिंगचा स्क्रू पाहा. इंजिन गरजेपेक्षा जोरात फिरत असलं, तर वजनं अर्धवट बाहेर येणारच.

पायात दडलेला क्लच

निघताना क्लच आपोआप पकडतो, पण धावत्या गाडीत गिअर बदलताना तो सुटायला हवा. तेव्हा तर फेऱ्या जास्त असतात, वजनं बाहेर दाबून बसलेली असतात. हे काम गिअरच्या पट्टीकडे आहे. पंजा किंवा टाच दाबली, की पट्टीची सुरुवातीची चाल क्लच उचलते, उरलेली चाल गिअर बदलते. पाय उचलला, की क्लच पुन्हा बसतो. जुन्या कबमध्ये निघण्याचं आणि बदलण्याचं काम एकाच क्लचकडे होतं. नंतरच्या अनेक इंजिनांत त्यासाठी दोन वेगळे क्लच आले.

म्हणजे ही पट्टी गिअरची आहे तशीच क्लचचीही. पाय जितका अलगद उचलाल तितका क्लच अलगद बसतो. मोटारसायकलची सवय असलेला माणूस पट्टीवर फटका मारून पाय काढून घेतो, गाडी हिसका देते आणि ‘हिचा गिअरबॉक्स गेलाय’ असा शेरा बसतो. गिअर खाली आणताना तर पट्टी दाबून धरायची, रेसचा हलका झटका देऊन इंजिन चाकाच्या वेगाला आणायचं आणि मगच पाय सोडायचा. हिसका बसत नाही आणि प्लेटाही कमी झिजतात.

आणखी एक प्रश्न उरतो. इंजिन बंद असताना वजनं आत असतात, मग ढकलून गाडी चालू कशी होणार? त्यासाठी क्लचमध्ये एकाच दिशेनं अडकणारी यंत्रणा असते. चाक इंजिनाला फिरवू लागलं, की ती आपोआप पकडते. म्हणून बॅटरी बसलेली कब धक्क्यानं सुरू होते आणि घाट उतरताना इंजिनाचा ब्रेकही मिळतो. आंबेनळीसारखा घाट उतरायचा असेल तर गिअर उतार लागण्याआधीच खाली आणावा. लहान ड्रम ब्रेकवर सगळी भिस्त ठेवली, तर ते तापतात आणि ऐन वेळी कमी धरतात.

धूळ झटकल्यावर

बरीच वर्षं उभी राहिलेली गाडी आधी इंधनासाठी झगडते. कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट राळ उरते. मंद चालीचा जेट म्हणजे अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक भोक. राळेनं आधी बुजतं ते हेच. चोक ओढल्यावर चालू होणारी आणि चोक सोडताच बंद पडणारी गाडी बहुधा हीच तक्रार सांगत असते. जेट कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजवून हवेनं फुंकावा. तारेनं टोकरू नये, पितळ मऊ असतं आणि भोक मोठं होतं. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते पाणी ओढून घेतं. म्हणून टाकीतला गंज काढणं आणि जुन्या रबरी नळ्या बदलणं आलंच.

मग टॅपेट. जुन्या कबमध्ये व्हॉल्व्हची फट ०.०५ मिलिमीटर ठेवतात, म्हणजे वहीच्या कागदाच्या जाडीपेक्षाही कमी. इंजिन पूर्ण गार असताना, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून फिलर गेजनं ती तपासायची. फट उरलीच नाही, तर तापलेला व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि कॉम्प्रेशन गळतं. सकाळी एका किकेत चालू होणारी आणि तापल्यावर दमवणारी गाडी असेल, तर हे आधी पाहावं.

तिसरी गोष्ट ऑइल. इथे क्लच इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. मोटारीच्या काही ऑइलमध्ये घर्षण घटवणारी द्रव्यं घातलेली असतात. इंजिनाला ती मानवतात, पण क्लचची पकडच घर्षणावर उभी. डब्यावर ‘जासो एमए’ हे मानक असलेलं दुचाकीचं ऑइलच घ्यावं.

आणि आता या गाडीचं खास काम, क्लचचं सेटिंग. इंजिनाच्या उजव्या झाकणावर मधोमध एक लॉक नट आणि त्याच्या पोटात खाच असलेला स्क्रू असतो. इंजिन बंद ठेवून नट सैल करायचा. स्क्रू घड्याळाच्या दिशेनं एक पूर्ण फेरा फिरवायचा, मग हळूहळू उलटा आणायचा. कुठेतरी बोटांना किंचित विरोध जाणवतो. तिथे थांबायचं आणि पुन्हा घड्याळाच्या दिशेनं एक अष्टमांश फेरा द्यायचा. स्क्रू हलू न देता नट आवळायचा. जाणवलेला विरोध म्हणजे पट्टीची यंत्रणा क्लचला नुकती टेकल्याची खूण. तो अष्टमांश फेरा म्हणजे दोघांमधली मोकळीक. मोकळीक जास्त झाली, तर पट्टी दाबूनही क्लच पुरता सुटत नाही आणि गिअर खडखडतात. अजिबात उरली नाही, तर क्लच सदैव थोडा उचललेला राहतो: रेस वाढते, गाडी वाढत नाही.

सुट्या भागांची चिंता त्यामानानं सौम्य आहे. १९८५च्या सीडी-१०० पासून आपल्या रस्त्यांवर रुळलेलं ९७.२ सीसीचं आडवं इंजिन कबच्याच कुळातलं. त्यामुळे या कुळाचे कान-डोळे ओळखणारा मेकॅनिक तालुक्याच्या गावीही भेटतो. क्लचचे भाग मात्र मोटारसायकलचे चालत नाहीत. ते या घराण्याचे म्हणूनच शोधावे लागतात.

जुनी गाडी घेताना

अशी गाडी विकत घेण्याआधी तीन गोष्टी कराव्यात. इंजिन तापवून, ब्रेक धरून पहिला गिअर टाका: गाडी फार पुढे ओढत असेल तर स्लो रनिंग किंवा क्लचची स्प्रिंग. मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये एकदम रेस द्या: आवाज चढला आणि वेग जागीच राहिला तर प्लेटा, ऑइल किंवा तो स्क्रू. धावत्या गाडीत पट्टी दाबून धरा: इंजिन चाकापासून मोकळं झालं नाही तर पुन्हा तो स्क्रूच.

आजच्या बिनगिअरच्या स्कूटरमध्ये क्लच आणि गिअर दोन्ही यंत्राच्या हाती गेले आहेत. शहरातल्या गर्दीत ते सोयीचंच. पण तिथे पट्टा घसरला वा रोलर झिजले, तर झाकण उघडून भाग बदलण्यावाचून गत्यंतर नसतं. इथे मात्र चूक चालवणाऱ्याच्या पायाची की क्लचच्या सेटिंगची, याचा निवाडा गाडीवर बसूनच करता येतो आणि पुष्कळदा एक पाना आणि एक स्क्रू ड्रायव्हर तेवढ्यावर काम भागतं.