इर्ल्यातले ग्रामोद्योग

विलेपार्ल्याला इर्ल्याच्या बाजारात खरेदीला येणाऱ्या गर्दीतल्या फार थोड्यांना ठाऊक असतं, की याच इर्ला रोडवर ‘ग्रामोदय’ नावाची एक सरकारी इमारत आहे आणि देशभरातल्या मधपेट्या, तेलघाण्या, कुंभारांची चाकं आणि हातकागद यांचा कारभार तिथून चालतो. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाचं हे मुख्यालय. आयोगाचा कायदा १९५६ चा. आयोग प्रत्यक्षात आला एप्रिल १९५७ मध्ये. त्याच १९५७ साली बोरिवली, दहिसर, मुलुंड ही गावं बृहन्मुंबईच्या हद्दीत घेतली गेली. अंधेरी आणि घाटकोपर त्याआधी, १९५० मध्येच, आत आली होती. खेड्यातल्या उद्योगांना आधार द्यायला आयोग नेमला गेला आणि मुंबईला लागून असलेली खेडी त्याच वर्षी कागदावर शहर झाली. हा निव्वळ योगायोग, त्यात फार अर्थ शोधू नये. पण ग्रामीण आणि लहान उद्योगांसाठी गेल्या सत्तर वर्षांत जे कायदे झाले त्यांचा माग काढायचा तर उपनगरांइतकी सोयीची जागा दुसरी नाही. खेड्यांचा आयोग पार्ल्यात, लघुउद्योगांची केंद्रीय सल्लासंस्था साकीनाक्याला आणि कारखाने राज्यभर पसरवणारी एमआयडीसी अंधेरीला, महाकाली केव्हज रोडवर.

सुरुवातीची प्रेरणा अर्थातच वर्ध्याची. १९३४ साली मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, जे. सी. कुमारप्पांनी तो चालवला. स्वातंत्र्यानंतर आधी १९५३ मध्ये सल्लागार मंडळ आलं आणि मग कायद्यानं उभा केलेला आयोग. त्याचे पहिले अध्यक्ष वैकुंठभाई मेहता. ते मुंबईच्या सहकारी बँकिंगमध्ये मुरलेले, मुंबई राज्याचे माजी अर्थमंत्री. मूळ कायदा वाचताना एक गोष्ट चटकन लक्षात येते. त्यात ग्रामोद्योग म्हणजे काय हे सांगायला एक परिशिष्ट जोडलेलं होतं आणि त्यात सरळ धंद्यांची नावं होती : मधमाशापालन, घाणीचं तेल, कुंभारकाम, हातकागद, गूळ-खांडसरी, ताडगूळ, कातडी कमावणं, साबण, आगपेट्या, धान्य-डाळींवरची प्रक्रिया. तुम्ही कुठे राहता यापेक्षा काय करता हा प्रश्न त्या कायद्याला आधी पडत होता.

याचा फायदा कुणाला झाला पाहा. १५ मार्च १९५९ ला गिरगावातल्या सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. ‘लिज्जत’ची ही गोष्ट आता शाळेतल्या मुलांनाही पाठ असते, पण तिचा कायद्याशी संबंध आला तो भाग सहसा सांगितला जात नाही. १९६६ च्या जुलैत संस्थेची नोंदणी झाली आणि सप्टेंबरमध्ये खादी आयोगानं तिला धान्य-डाळ प्रक्रिया गटातला ग्रामोद्योग म्हणून मान्यता दिली. पाठोपाठ ८ लाख रुपयांचं खेळतं भांडवल मिळालं, काही करांत सूट मिळाली. गिरगावातल्या चाळीतला पापड कायद्याच्या लेखी ग्रामोद्योग ठरला! त्या काळातल्या अधिकाऱ्यांनी कायद्याचा हेतू पाहिला. हाताला काम, घरात मजुरी आणि यंत्राशिवाय उत्पादन, एवढं त्यांना पुरेसं वाटलं.

पुढे १९८७ मध्ये हा कायदा बदलला. धंद्यांची यादी मागे पडली आणि जागा पुढे आली. दहा हजारांपर्यंत लोकवस्तीच्या गावातला, दर कारागिरामागे १५ हजारांपेक्षा जास्त स्थिर भांडवल नसलेला कोणताही उद्योग तो ग्रामोद्योग. २००६ च्या दुरुस्तीनं वस्तीची मर्यादा २० हजारांवर आणि भांडवलाची एक लाखावर नेली. धंद्यांची दारं यामुळे उघडली, हे खरं. मोटारसायकल दुरुस्ती, झेरॉक्स, पत्र्याचं काम सगळं आत आलं. पण आज सात बायका गिरगावातून अशी मान्यता मागायला गेल्या तर पहिला प्रश्न लोकसंख्येचा येईल आणि गोष्ट तिथेच संपेल.

बोरिवलीच्या शिंपोलीत आयोगाची ‘सी. बी. कोरा’ ग्रामोद्योग संस्था अजून आहे. खेडोपाडीच्या लोकांना लहान धंद्यांचं प्रशिक्षण द्यायचं हे तिचं काम. नवऱ्याबरोबर नवरात्रात दांडियाला कोरा केंद्राच्या मैदानावर जाऊन आलेल्या कितीतरी बोरिवलीकरणींना मात्र हे नाव फक्त मैदानाचं वाटतं.

दुसरा धागा साकीनाक्याचा. १९५४ साली फोर्ड फाउंडेशनच्या तज्ज्ञांच्या अहवालानंतर केंद्रानं लघुउद्योगांसाठी स्वतंत्र यंत्रणा उभारली, मुंबईसाठी सेवा संस्था आली, १९५५ मध्ये राष्ट्रीय लघुउद्योग महामंडळ निघालं आणि हप्त्यानं यंत्रं मिळू लागली. मरोळ, साकीनाका, घाटकोपर, भांडुप, मुलुंडच्या गाळ्यांतली किती लेथ आणि पॉवर प्रेस या मार्गानं आली असतील! त्या गाळ्यांतला मालक बहुधा आधी कुठल्या तरी मोठ्या कारखान्यात फिटर किंवा टर्नर असायचा. मग एक यंत्र, दोन कामगार आणि जुन्याच कंपनीचं जॉबवर्क.

या गाळ्यांसाठी कायदा म्हणजे मुख्यतः एक रकमेची रेघ होती. पन्नासच्या दशकात ५ लाखांपर्यंत गुंतवणूक आणि वीज वापरत असाल तर पन्नासपेक्षा कमी कामगार. १९६० मध्ये कामगारांची अट गेली. मग १९६६ मध्ये साडेसात लाख, १९७५ मध्ये १० लाख, १९८० मध्ये २०, १९८५ मध्ये ३५, १९९१ मध्ये ६० लाख. १९९७ मध्ये एकदम ३ कोटी आणि दोनच वर्षांत परत मागे १ कोटी. ती वर टाकलेली उडी ज्यांना झेपली त्यांनाच खाली येताना सर्वांत जास्त लागलं. रेघेखाली राहिलं की अबकारी सूट, कमी व्याजाचं कर्ज, सरकारी खरेदीत प्राधान्य, म्हणून लोक रेघेखाली राहायला शिकले. एक गाळा आपल्या नावावर, शेजारचा भावाच्या, पोटमाळा बायकोच्या. आत दरवाजा एकच. याला लबाडी म्हणणारे म्हणोत. वाढल्याबद्दल दंड आणि न वाढल्याबद्दल बक्षीस असेल तर माणूस दुसरं काय करणार?

१९६७ पासून राखीव वस्तूंची यादीही सुरू झाली. सुरुवातीला ४७ वस्तू होत्या, १९७८ नंतर ती आठशेच्या पुढे गेली. उरलेल्या शेवटच्या २० वस्तू एप्रिल २०१५ मध्ये मोकळ्या झाल्या. त्यांत लोणची होती, पाव होता, मेणबत्त्या, उदबत्ती, काचेच्या बांगड्या, वह्या होत्या. राखीव यादीबद्दल दोन्ही बाजूंनी पुष्कळ भांडून झालं आहे. मला तिचा दोष वेगळाच दिसतो. तिनं लहान उत्पादकाला मोठ्या उत्पादकापासून वाचवलं, पण मोठ्या खरेदीदारापासून नाही. राखीव वस्तू मोठी कंपनी लहान गाळ्यातून करून घ्यायची, आपला शिक्का मारायची आणि पैसे तिला वाटेल तेव्हा द्यायची.

राज्य सरकार दरम्यान वेगळ्या दिशेला ओढत होतं. १९६१ चा औद्योगिक विकास कायदा, १ ऑगस्ट १९६२ ला एमआयडीसी, १९६४ ला प्रोत्साहनांची सामूहिक योजना. मुंबई-ठाणे-पुण्याबाहेर जा, सवलत घ्या. तालुक्यांचे गट पाडले गेले आणि मुंबई ‘अ’ गटात, म्हणजे सवलतीच्या पंगतीत शेवटच्या पानावर. १९७७ च्या डिसेंबरात जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना ‘अतिलहान’ उद्योगाची कल्पना आली : एक लाखापर्यंत यंत्रसामग्री आणि पन्नास हजारांहून लहान गाव. १९७८ ला जिल्हा उद्योग केंद्रं निघाली. गाळेवाले वसई-पालघरकडे सरकले खरे, पण त्यांना सवलतीपेक्षा जागेच्या भावानं ढकललं असावं असं मला वाटतं. अंधेरीतला गाळा विकून येणाऱ्या पैशात वसईला तिप्पट जागा मिळत असेल तर शासन निर्णय वाचायला कोण बसतो?

चाळीस वर्षं कायदे दोनच प्रश्न विचारत राहिले : तू किती लहान आणि तू कुठला? माल पोचवल्यावर पैसे किती दिवसांत मिळतात, हा तिसरा प्रश्न कुणी विचारला नाही. कोणत्याही गाळ्यात जाऊन विचारा, धंदा कशानं बुडतो, तर उत्तर यंत्राचं नसतं, कर्जाचंही नसतं. ‘पार्टी पेमेंट करत नाही’ हेच असतं. खेड्यात मसाला कुटून शहरातल्या दुकानाला पुरवणाऱ्या बचत गटाचंही तेच. साठ दिवस, नव्वद दिवस, ‘साहेब दौऱ्यावर आहेत’. तोवर मिरचीवाल्याला रोख द्यावी लागते. म्हणजे मोठ्याचा धंदा लहानाच्या पैशावर चालतो, तोही बिनव्याजी. लिज्जतनं ही अडचण स्वतःपुरती आधीच सोडवली होती. वितरकानं माल उचलायचा तो रोख मोजून, आणि लाटणाऱ्या बाईची मजुरी थकवायची नाही. हा नियम कुठल्या कायद्यानं शिकवला नव्हता.

६ ऑगस्ट १९९१ ला केंद्रानं लघु, अतिलघु आणि ग्रामोद्योगांचं धोरण मांडलं, त्यात पहिल्यांदा थकलेल्या बिलांवर कायदा करण्याचं आश्वासन आलं. १९९३ मध्ये कायदा झाला. उशीर केला तर व्याज. पण वसुलीसाठी दिवाणी कोर्ट, आणि तिथल्या तारखा कुणाला ठाऊक नाहीत? १९९८ च्या दुरुस्तीनं परिषदांची सोय केली. मग २ ऑक्टोबर २००६ पासून सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा लागू झाला आणि जुना कायदा त्यात विरून गेला. या कायद्याचं पाचवं प्रकरण हा माझ्या मते सत्तर वर्षांतला सर्वांत कामाचा मजकूर आहे. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत पैसे, असेल तरी ४५ दिवसांच्या पुढे नाही. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. बँक दर ६ टक्के धरला तर हे १८ टक्के होतात. तक्रार राज्याच्या सुलभीकरण परिषदेकडे, निकाल ९० दिवसांत. निकालाविरुद्ध कोर्टात जायचं तर खरेदीदारानं आधी ७५ टक्के रक्कम भरायची. गाळेवाल्याच्या बाजूनं इतकं ठाम बोलणारा कायदा आधी झाला नव्हता.

तरी तो फारसा चालला नाही. २०१७ मध्ये ‘समाधान’ पोर्टलवरून घरबसल्या तक्रारीची सोय झाली, बिलं वटवायला ‘ट्रेड्स’सारखे मंच आले. तक्रारी दाखल झाल्या, पण ९० दिवसांची मुदत बहुतेक वेळा कागदावर राहिली. मुख्य अडचण मात्र वेगळीच होती. जो पैसे थकवतो तोच उद्याची ऑर्डर देणार असतो. त्याच्यावर दावा लावून व्याज मिळवायचं आणि गिऱ्हाईक घालवायचं, हा व्यवहार कोण करेल? म्हणून तक्रारी बहुतेकदा संबंध तुटल्यावरच होतात. परिषदेपुढे येतात ती जुनी भांडणं, चालू धंद्यातली थकबाकी तिथे क्वचितच दिसते.

२०२० च्या जुलैपासून व्याख्या गुंतवणूक आणि उलाढाल दोन्हींवर आली, नोंदणी ‘उद्यम’ पोर्टलवर गेली. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाची मर्यादा अडीच कोटी गुंतवणूक आणि १० कोटी उलाढाल. सर्वांत लहान म्हणून ज्या गटात पूर्वी एक लाखाचा चरख्याशेजारचा धंदा यायचा, त्याच गटात आता अंधेरीतलं सीएनसी यंत्रं लावलेलं बरं वर्कशॉपही बसतं. रेघ वर गेल्यानं भावाच्या नावावरचा गाळा परत आपल्या नावावर घेता येतो, हे चांगलंच. पण याच व्याख्येवरून कर्ज आणि सरकारी खरेदी वाटली जाणार असेल, तर खरोखरीच्या लहानाच्या वाट्याला काय येतं हे पाहावं लागेल.

जागेचा प्रश्न तर अजून मिटलेला नाही. २००८ पासूनच्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात, ज्याची देशपातळीवरची सूत्रं इर्ल्यातूनच हलतात, महिलेला ग्रामीण भागात प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के अनुदान मिळतं, शहरी भागात २५ टक्के. गोराईत बोंबील सुकवणारी कोळीण महापालिकेच्या हद्दीत राहते, म्हणून ती शहरी. तिच्या दारापुढे बोंबील वाळत घालायच्या वलांडी आहेत, खाडी ओलांडायला होडी लागते, पण तिचा पत्ता बोरिवलीचा. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये ‘मधाचं गाव’ म्हणून पुढे आलं, तिथे राज्याच्या खादी मंडळाला गाव सापडलं. मुंबईतली गावठाणं आणि कोळीवाडे मात्र या योजनांच्या नकाशावर नाहीत.

म्हणूनच २०२३ च्या वित्त कायद्यानं आयकर कायद्यात घातलेलं ४३ ब (ह) हे छोटं कलम मला जास्त लक्षवेधी वाटतं. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल वर सांगितलेल्या १५ किंवा ४५ दिवसांच्या मुदतीत दिलं नाही, तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजावटीत धरता येत नाही. यात पुरवठादारानं तक्रार करायची नाही, परिषदेत जायचं नाही, संबंध बिघडवायचे नाहीत. खरेदीदाराचा स्वतःचाच सीए त्याला मार्चअखेर आठवण करून देतो. गाव, शहर, लोकसंख्या यांचा इथे काही संबंध नाही. उद्यमवर नोंदलेली गोराईची कोळीण आणि सिंधुदुर्गातली कोकम सरबतवाली दोघींना कलम सारखंच.

२०२४ च्या सुरुवातीला हे कलम अंगावर आलं तेव्हा काही खरेदीदारांनी पुरवठादारांना नोंदणी रद्द करायला सांगितल्याच्या, काहींनी ऑर्डर मध्यम उद्योगांकडे वळवल्याच्या बातम्या आल्या, कारण मध्यम उद्योगांना हे कलम लागू नाही. व्यापाऱ्यांनाही नाही. मेळाव्यात विकायला माल स्वतः बनवणारी बाई आत येते, तोच माल तिच्याकडून घेऊन पुढे विकणारी तिची बहीण बाहेर राहते. बचत गटांच्या घरात हे दोन्ही धंदे एकाच ओट्यावर चालतात, आणि कोणतं बिल कुणाच्या नावे फाडायचं हे आता त्यांना शिकून घ्यावं लागतंय.