जुन्या स्थानकाचा रंग आणि त्याखालचे शिसे

मनमाडहून छत्रपती संभाजीनगर, करमाड, जालना, परभणीमार्गे सिकंदराबादकडे जाणारा लोहमार्ग निजामाच्या राजवटीत, १९००च्या सुमारास सुरू झाला. पुढे या मार्गावरची मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आली. अशा शतकापूर्वीच्या मार्गावरील जुनी इमारत जतन करायची ठरली, की पहिला प्रश्न निघतो तो रंगाचा. मूळ रंग कोणता होता, आणि आता कोणता द्यायचा? या प्रश्नाचा संबंध सौंदर्याइतकाच आरोग्याशीही आहे.

मूळ रंग अंदाजाने ठरवत नाहीत. कोपऱ्यातला किंवा बिजागरीमागचा छोटा तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. झाडाच्या खोडातील वलयांप्रमाणे त्यात एकेक थर दिसतो. अगदी तळचा थर हा पहिला रंग. मात्र जवसाच्या तेलातला पांढरा रंग अंधारात पिवळट पडतो, हे ध्यानात ठेवावे लागते. नाहीतर मूळचा पांढरा पिवळा समजला जातो.

धोका याच थरांमध्ये असतो. पूर्वी लाकडी दारे-खिडक्यांच्या तैलरंगात सफेदा म्हणजे शिशाचे कार्बोनेट, लोखंडी खांबांच्या अस्तरात शेंदरी रंगाचे शिशाचे ऑक्साइड, तर पिवळ्या रंगात शिशाचे क्रोमेट सर्रास वापरत. रंग जागेवर घट्ट असेपर्यंत फारसा धोका नसतो. तो कोरडा घासला की शिशाची धूळ उडते आणि ज्योतीने जाळून काढला की विषारी वाफ होते. ही धूळ कामगाराच्या कपड्यांवरून घरी पोहोचते. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्यांच्या तुलनेत लहान मुलांचे शरीर चार ते पाच पट अधिक शोषून घेते. त्याने मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. मोठ्यांमध्ये रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडे बिघडतात. शिशाची कोणतीही मात्रा सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक नसावे, असा नियम २०१६ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. पण नियम नव्या डब्याला लागू होतो, जुन्या दाराला नाही.

चुन्यात बांधलेल्या भिंतींना प्लास्टिक रंग मानवत नाही. आत शिरलेली ओल अडकते, पोपडे निघतात, बुरशी धरते. चुन्याची सफेदी ओल बाहेर जाऊ देते आणि तिच्या क्षारतेमुळे बुरशीला सहसा थारा मिळत नाही. तिच्यात गेरू किंवा पिवडी मिसळली तर रंग टिकतो, कारण या लोहयुक्त मातींवर चुन्याचा परिणाम होत नाही. चुना कालवताना मात्र डोळ्यांना चष्मा आणि हातांना मोजे हवेतच.

हीच काळजी जुन्या वाड्याचे दार रंगवतानाही घ्यावी. आधी रंगातील शिशाची तपासणी करून घ्यावी. तोवर रंग शिशाचाच आहे असे धरून चालावे. पाणी मारून ओला करूनच तो खरवडावा, खाली जाड प्लास्टिक अंथरावे. तोंडाला रुमाल पुरत नाही; धूळ अडवणारा घट्ट मास्क लागतो. कचरा झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावा आणि काम संपेपर्यंत मुले व गर्भवती स्त्रियांना तिथे फिरकू देऊ नये.