सोसायटीचा विमा आहे ना, मग आपला कशाला?

विषय रुक्ष आहे, ते आधीच कबूल करून टाकतो. विमा म्हटलं की आपण आयुर्विमा, मेडिक्लेम आणि गाडीचा विमा इथवर येतो आणि थांबतो. घराचा विमा असतो हे ऐकलेलं असतं, पण काढलेला क्वचित कोणी असतो. आम्ही सोसायट्यांमधून याविषयी बोलायला जातो, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सोसायटीनं काढलाय की विमा. आम्ही वेगळा कशाला काढायचा?"

याचं उत्तर एका घडलेल्या गोष्टीतून देतो. नावं-गावं सांगत नाही. एक चार मजली इमारत. चौथ्या मजल्यावरचे काका-काकू गणपतीला कोकणात गेले. जाताना गॅस बंद केला, मेन स्विच बंद केला, पाण्याचा कॉक तेवढा राहिला. बाथरूममधल्या गीझरची जोडनळी दुसऱ्या दिवशी पहाटे फुटली. खाली तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहणारं एक तरुण जोडपं होतं, तेही गावी गेलेलं. पाणी वाहतंय हे कळेपर्यंत दोन दिवस गेले. जोडप्याचा पलंग, गाद्या, टीव्ही, ऑफिसचा नव्हे तर स्वतःचा लॅपटॉप, कपाटातले कपडे, सगळं गेलं. शिवाय घरमालकानं करून घेतलेलं पीओपीचं छत खाली आलं.

मग जिन्यात बैठक बसली. सेक्रेटरी म्हणाले, आपली पॉलिसी आहे, काळजी करू नका. पॉलिसी काढून वाचली तर विमा उतरवला होता तो इमारतीचा. कोणाच्या घरातल्या सामानाचा त्यात उल्लेखच नव्हता. घरमालकाचा विमा नव्हता. भाडेकरूंचा नव्हता. आणि ज्यांच्या नळीमुळे हे झालं त्या काकांचाही नव्हता. चार पक्ष, आणि नुकसान भरायला कोणी नाही. काकांनी काही रक्कम दिली, जोडप्याला ती कमी वाटली, काकांना ती जास्त वाटली. दर दिवाळीला एकमेकांकडे फराळाचं ताट जायचं, ते थांबलं.

आता यातला एकेक धागा सोडवू.

आपल्याकडे फ्लॅट दोन प्रकारांनी असतो. बहुतेक इमारती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 खाली नोंदलेल्या गृहनिर्माण संस्था आहेत. तिथे अभिहस्तांतरण, म्हणजे कन्व्हेयन्स झाल्यावर जमीन आणि इमारत संस्थेच्या नावावर असते, आणि सभासदाकडे भागपत्र व आपला गाळा वापरण्याचा हक्क असतो. दुसरा प्रकार 1970 च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अ‍ॅक्टचा. पुण्यात असे बरेच आहेत. यालाच कागदोपत्री कॉन्डोमिनियम म्हणतात. तिथे फ्लॅट थेट तुमच्या मालकीचा, आणि जिना, गच्ची, लिफ्ट, जमीन यांत तुमचा अविभक्त हिस्सा. तो किती टक्के, ते डीड ऑफ डिक्लरेशनमध्ये लिहिलेलं असतं. अपार्टमेंटवाल्यांनी ते एकदा वाचावं. आमच्या अनुभवात ते वाचलेला माणूस सापडणं कठीण.

संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये इमारतीचा आग आणि भूकंप यांपासून विमा उतरवण्याची तरतूद आहे. ती संस्थेची जबाबदारी. पण शब्द नीट ऐका: इमारतीचा. बिल्डरनं ताबा देताना जो सांगाडा दिला, तो, आणि सामायिक भाग. तुम्ही नंतर घातलेली इटालियन फरशी, मॉड्युलर किचन, भिंतीतली कपाटं, फॉल्स सीलिंग हे त्यात धरलंय का, हे पॉलिसीवरच्या वर्णनावर आणि विमा रकमेवर अवलंबून असतं. साधारणपणे धरलेलं नसतं, कारण रक्कम ठरवताना कमिटीनं तुमचं किचन पाहिलेलं नसतं. फ्रीज, सोफा, कपडे यांचा तर प्रश्नच नाही.

त्यातही एक मेख आहे. सोसायटीची पॉलिसी व्यावसायिक फायर पॉलिसीच्या साच्यातली असेल, तर तिच्यात सरासरीची अट असू शकते. समजा इमारत पुन्हा बांधायला दहा कोटी लागतात आणि कमिटीनं हप्ता वाचवायला, किंवा जुना आकडा तसाच पुढे चालवत, पाच कोटींचाच विमा काढला. जिन्यातल्या मीटर बॉक्सला आग लागून वीस लाखांचं नुकसान झालं. विमा पाच कोटींचा आहे, म्हणजे वीस लाख मिळतील, असं आपल्याला वाटतं. कंपनी म्हणते, तुम्ही निम्माच विमा काढलात, निम्मेच घ्या. हाती दहा. उरलेले दहा सभासदांकडून वर्गणी काढून. वार्षिक सभेत रंगरंगोटीवर दोन तास भांडणं होतात, पण ही विमा रक्कम शेवटची कधी बदलली, हे विचारायला कोणी उभं राहत नाही.

आता स्वतःच्या विम्याकडे येऊ. 1 एप्रिल 2021 पासून विमा नियामकानं, म्हणजे आयआरडीएआयनं, घरांसाठी एक प्रमाणित पॉलिसी आणली: भारत गृह रक्षा. कंपनी कुठलीही असो, मूळ मजकूर एकच. आग, स्फोट, वीज पडणं, भूकंप, वादळ, पूर, दरड, दंगल आणि पाण्याच्या टाक्या किंवा नळ फुटणं हे सगळं यात येतं. फक्त इमारतीचा, फक्त सामानाचा किंवा दोन्हींचा विमा घेता येतो. इमारतीचा घेतलात, तर तिच्या रकमेच्या 20 टक्के, पण जास्तीत जास्त 10 लाख रुपये, एवढा सामानाचा विमा आपोआप मिळतो. याहून जास्त हवा असेल तर सामानाचा तपशील द्यायचा. मघाची सरासरीची अट इथे लागत नाही, हा मोठा फायदा.

रकमेबाबत लोकांचा गोंधळ होतो. "आमचा फ्लॅट एक कोटीचा आहे, एक कोटीचा विमा द्या." तुमच्या एक कोटीत मोठा वाटा जमिनीचा आणि पत्त्याचा आहे. जमीन जळत नाही. विमा पुन्हा बांधण्याच्या खर्चाचा असतो: कार्पेट एरिया गुणिले बांधकामाचा दर. समजा 600 चौरस फूट आणि दर 3,000 रुपये धरला, तर 18 लाख. त्याच्या 20 टक्के म्हणजे 3 लाख 60 हजारांचं सामान आपोआप आत. आकडा असा समोर आला की हप्त्याची भीती बरीच कमी होते. एखाद्या लग्नात आपण आहेराला जेवढं पाकीट देतो, त्या हिशेबातली ही गोष्ट आहे, गाडीच्या विम्याच्या हिशेबातली नाही.

काय येत नाही, तेही स्पष्ट सांगायला हवं. एजंट हे शेवटी सांगतो, आम्ही मध्येच सांगतो. रोख पैसे येत नाहीत. दागिने, चांदीची भांडी वगैरे मौल्यवान वस्तू आपोआप येत नाहीत, त्यांचं वेगळं ऐच्छिक कव्हर घ्यावं लागतं. साधी घरफोडी मूळ पॉलिसीत नाही. आग, पूर अशा घटनेनंतर सात दिवसांच्या आत त्या गडबडीत झालेली चोरी तेवढी येते. घरफोडीसाठी वेगळं कव्हर आहे. आणि हळूहळू झिरपणारी ओल येत नाही. नळी फुटली, तर विमा. वरच्यांच्या न्हाणीतून तीन वर्षं भिंत ओली होतेय, तर ती देखभाल. त्यासाठी प्लंबर गाठायचा. उपविधींप्रमाणे गच्ची आणि बाहेरच्या भिंतींची गळती सोसायटीकडे, संडास-बाथरूम-सिंकची सभासदाकडे.

"आमच्या गृहकर्जाबरोबर बँकेनं विमा काढलाय" असंही पुष्कळजण सांगतात. तो कागद घरी जाऊन पाहा. बऱ्याच वेळा तो कर्जदाराच्या आयुष्याचा विमा असतो. तुम्हाला काही झालं तर कर्ज फिटेल. किचन जळलं तर त्यातून एक रुपया मिळणार नाही. आणि खरोखर घराचा असला, तर त्यात सामान आहे की फक्त बँकेचं तारण असलेली इमारत आहे, ते बघा.

भाडेकरूंकडे वळतो, कारण सगळ्यांत उघड्यावर तेच असतात. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार होतो, नोंदणी होते, डिपॉझिट जातं. मालकाचा विमा असलाच, तर तो मालकाच्या मालमत्तेचा. तुमच्या गादीशी त्याचा काही संबंध नाही. भाडेकरूला वाटतं, आपलं असं आहे तरी काय? आम्ही एका मुलाला सहज यादी करायला लावली. फोन, लॅपटॉप, टीव्ही, फ्रीज, वॉशिंग मशीन, पलंग, गाद्या, कपडे, भांडी, मिक्सर. तो आकडा पाहून तोच चक्रावला. इमारत सोडून फक्त सामानाचा विमा भाडेकरूला काढता येतो. बऱ्याच भाडेकरूंना हे कोणी सांगितलेलंच नसतं.

दुसरी बाजू करारातली. "जागा होती तशा स्थितीत परत करीन" हे वाक्य जवळजवळ प्रत्येक करारात असतं. तुमच्याकडून इस्त्री चालू राहिली आणि खोली जळली, तर डिपॉझिट कापून विषय संपेलच असं नाही. तेच मघाच्या काकांचं. दुसऱ्याच्या नुकसानीची आपल्यावर येणारी जबाबदारी भारत गृह रक्षाच्या मूळ पॉलिसीत नाही. ती जोड कव्हर म्हणून किंवा हाउसहोल्डर्स पॅकेज पॉलिसीत मिळते. घेताना हे मुद्दाम विचारून, लेखी घ्यायचं. काकांकडे ते असतं, तर त्या जोडप्याशी रकमेची घासाघीस त्यांना जिन्यात उभं राहून करावी लागली नसती, ती सर्व्हेअरनं केली असती.

"आमच्याकडे काय पूर येतोय?" पुण्यात 25 सप्टेंबर 2019 च्या रात्रीपर्यंत आंबिल ओढ्याकाठचे बरेच लोक हेच म्हणत होते. त्या रात्री सहकारनगर, अरण्येश्वर भागात सोसायट्यांच्या सीमाभिंती पडल्या, पार्किंगमधल्या गाड्या वाहिल्या, तळमजल्यावरच्या घरांत पाणी शिरलं. मुंबईत 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. चिपळूणला 22 जुलै 2021 ला काय झालं, ते तुम्हाला सांगायला नको. जाता जाता: गाडी घराच्या विम्यात येत नाही. तिचा नुसता थर्ड पार्टी विमा असेल, तर बुडालेल्या गाडीचे पैसे मिळत नाहीत. आणि पाण्यातून निघालेल्या गाडीला सेल्फ मारू नका, इंजिन त्यानंच जातं.

नुकसान झालंच तर आधी कंपनीला कळवा, मग आवरायला घ्या. आपल्या लोकांची सवय उलटी. पाणी ओसरलं की गाद्या कचऱ्यात, घर धुऊन स्वच्छ, आणि मग सर्व्हेअर येऊन विचारतो, नुकसान कुठाय? फोटो, व्हिडिओ काढा, भिजलेली वस्तू त्यानं पाहीपर्यंत ठेवा. आगीत अग्निशमन दलाचा दाखला, चोरीत पोलिसांची फिर्याद लागते. आजच घरी जाऊन मोबाइलवर एकेका खोलीचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा, कपाटं उघडून, आणि मुलाला किंवा भावाला पाठवून ठेवा. मोबाइलही बुडू शकतो. दावा अन्यायानं नाकारला, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, आणि तिथे दाद लागली नाही तर विमा लोकपाल. त्यांची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यातही आहेत, फी नाही, वकील लागत नाही.

श्रोत्यांतून एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे: "आमचा फ्लॅट भाड्यानं दिलाय. विमा मी काढायचा की भाडेकरूनं?" ताई, दोघांनी, वेगवेगळा. तुम्ही इमारतीचा आणि तुम्ही दिलेल्या फर्निचरचा. घर राहण्याजोगं उरलं नाही, तर बुडालेल्या भाड्याचीही सोय त्यात आहे. भाडेकरूनं स्वतःच्या सामानाचा. पुढच्या वेळी करार कराल, तेव्हा तसं एक कलम घाला, आणि दिलेल्या वस्तूंची यादी दोघांच्या सह्यांनिशी जोडा. कोणता पंखा कोणाचा, हे पाणी शिरल्यानंतर आठवत बसायला नको.